हिंगुळाचा मान

“रंग कुठे गेले?” मी विचारले.

“गेले नाहीत, सर. त्याने दाखवलेच नाहीत.” सुनेत्रा शेडबाळे पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. “समोर माणूस बसलाय की नाही, ते प्रोग्राम आधी बघतो. टर्मिनलवर माणूस असतो, तिथे रंग देतो. पुस्तिकेची पानं मशीनच तयार करतं. मशीनला रंगाचं काय कौतुक, असं धरून तो नुसता मजकूर टाकतो आणि मोकळा होतो.”

“म्हणजे समोरचा पाहून तो खरे बोलतो.”

“असंही म्हणता येईल.”

“मग त्याला आपल्या संस्थेत नेमायला हरकत नाही.”

ती हसली नाही. सल्लागार समितीची बैठक शुक्रवारी होती आणि सोमवार उलटत आला होता.

सांगलीच्या आमच्या संशोधन मंदिरात तेव्हा सतराव्या शतकातल्या एका ओवीबद्ध ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होत होती. ती माझ्या तरुणपणापासून सिद्ध होत होती. ग्रंथाचे नाव देत नाही. ते ऐकून कोणाची जिज्ञासा जागी होईल असा माझा समज नाही. त्याच्या नऊ पोथ्या उपलब्ध होत्या. त्या हाताने ताडून पाहता पाहता काही संपादक निवृत्त झाले, एक वारला, आणि उरलेले माझ्यासारखे झाले. मग सुनेत्रा आली. तिने एक प्रोग्राम लिहिला. तो नऊही पोथ्या शेजारी शेजारी ठेवून वाची आणि टर्मिनल नावाच्या काळ्या खिडकीत ग्रंथ उमटवी: सर्व पोथ्यांत सापडणारे शब्द पांढरे, काहींतच सापडणारे हिरवे, आणि एकाच पोथीत सापडणारे, म्हणजे मागाहून कोणीतरी घुसडले असावेत असा संशय ज्यांच्याविषयी घ्यावा ते, लाल. प्रोग्रामला जे म्हणायचे होते ते सारे रंगांत होते. रंग काढून घेतले की नुसता ग्रंथ उरे, जणू त्यातले प्रत्येक अक्षर कवीच्याच हातचे आहे.

सुनेत्रा अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर सात वर्षे काम करीत होती. पुण्याच्या कंपन्यांची बोलावणी तिने दोनदा परतवली होती, कारण तिला पोथ्या सोडवत नव्हत्या. आता तिच्यासाठी एक कायम पद निर्माण होण्याची शक्यता उत्पन्न झाली होती आणि तिच्या प्रोग्रामची माहिती देणारी, संस्थेच्या संकेतस्थळावरची पुस्तिका पाहून शुक्रवारी समिती त्याचा निर्णय करणार होती. प्रोग्राम पाहून नव्हे. समितीत कोणालाही कोड वाचता येत नव्हता. पुस्तिका वाचता येते असा मात्र प्रत्येकाचा समज होता. पद मिळाले नाही तर करार महिनाअखेरीस संपणार होता, आणि ह्या वेळी त्याला मुदतवाढ नव्हती.

समितीचे अध्यक्ष आमचे संचालक, डॉ. पद्माकर गर्गे. तिशीत असताना त्यांना आपल्या मामांच्या घरी ह्या ग्रंथाची नववी पोथी सापडली. इतर आठ पोथ्यांत नसलेल्या एकोणीस ओव्या तीत होत्या, आणि त्यांत कवीने आपले गाव सांगितले होते: आंबेरुळ. आंबेरुळ हे डॉ. गर्गे यांचेही गाव. इतर आठ ठिकाणी पाळलेले मौन कवीला नेमके त्यांच्या मामांकडे सोडावेसे वाटले, ह्या योगायोगावर त्यांना पीएच.डी. मिळाली, कालांतराने संचालकपद मिळाले, आणि आंबेरुळच्या वेशीवर कवीच्या नावाची सिमेंटची कमान उभी राहिली. संस्थेत ह्या ओव्यांविषयी कोणी शंका घेत नसे. शंका घेणारे दोघे होते. एकाने लवकर निवृत्ती पत्करली होती आणि दुसरा मी.

पुस्तिकेत नमुना म्हणून सुनेत्राने नेमक्या त्याच ओव्या घेतल्या होत्या. खोडसाळपणे नव्हे. “तिन्ही रंग एकाच ठिकाणी दिसतात असा तेवढाच भाग आहे, सर,” असे तिने मला सांगितले होते, आणि ते खरे होते.

आम्ही पडद्यापुढे बसलेलो असतानाच डॉ. गर्गे आत आले. त्यांनी सकाळीच आपल्या खोलीत पाने पाहिली होती.

“उत्तम झालंय गं,” ते म्हणाले. “पाठ कसा स्वच्छ दिसतो.”

“सर, त्यात अजून रंग यायचे आहेत.”

“रंग कशाला? ग्रंथ आहे तो, रांगोळी नाही.” तिच्या खुर्चीच्या पाठीवर त्यांनी वडीलधाऱ्या हाताने थोपटले. “शुक्रवारी हेच दाखव. बाकीचं माझ्यावर सोपव. काय खांबेटे?”

“आपण म्हणता तसे,” मी म्हणालो. ह्या वाक्यावर मी त्या संस्थेत पंचवीस वर्षे काढली.

ते गेल्यावर सुनेत्रा म्हणाली, “रंग आले नाहीत तर पद मिळतंय, असं दिसतंय.”

“तसे दिसते.”

“आणि आले तर?”

“तर पुस्तिका बरोबर होईल.”

“तुमचं बरं आहे, सर. तुम्ही कायम आहात.”

तिने पुस्तिकेचे पहिले पान उघडले आणि एका ओळीवर बोट ठेवले. “हे मीच लिहिलंय. लाल म्हणजे संशयित. आणि खाली सबंध पुस्तिकेत लाल अक्षर एक नाही. वाचणाऱ्याला काय वाटेल? संशयित काहीच नाही. पद मिळायच्या आधीच माझ्या नावावर खोटं छापून ठेवू का?”

“छापू नका.”

“तेच करते आहे. तुम्ही जरा बाजूला सरका, उजेड अडतोय.”

मंगळवारी तिने प्रोग्रामला सक्तीची सूचना दिली: समोर कोणी असो वा नसो, रंग द्यायचेच. त्याने आज्ञा पाळली. पाने उघडून पाहिली तो त्या एकोणीस ओव्यांपैकी प्रत्येकीच्या आरंभी एक उघडा कंस, एकतीस हा आकडा आणि इंग्रजी एम हे अक्षर. प्रत्येक ओवीच्या अंती पुन्हा एक कंस आणि शून्य. रंग तरीही नाही.

“हे काय?” मी विचारले.

“हाच रंग, सर. टर्मिनलमध्ये रंग म्हणजे मजकुरात पेरलेला हुकूम असतो. एकतीस म्हणजे इथून लाल कर, शून्य म्हणजे इथे थांब. टर्मिनल हुकूम पाळतं. वेबपान तो नुसता वाचून दाखवतं.”

ती दुसरी वाट शोधू लागली, आणि हुकूम वाचून दाखवणारी पाने तासभर संकेतस्थळावर तशीच राहिली. तेवढ्यात डॉ. गर्गे यांनी मला आपल्या खोलीत बोलावले. पडदा त्यांनी माझ्याकडे वळवून ठेवला होता.

“हे आता खरं शास्त्रशुद्ध दिसतंय, खांबेटे. टिपांचे क्रमांक आले. फक्त एकतिसावी टीप कुठे आहे, ती मला सापडत नाही.”

“ती अजून लिहायची आहे.”

“मग लिहा लवकर. महत्त्वाची दिसते. माझ्या एकोणीसही ओव्यांना तीच लावली आहे.”

“हो. सर्वांना एकच लागू पडते.”

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिले. त्या नजरेचा अर्थ मी तेव्हा अज्ञान असा लावला. पाठचिकित्सेत आयुष्य घालवलेल्या माणसाकडून वाचनात अशा चुका होतात.

बुधवारी तिने प्रोग्राम आणि वेबपान ह्या दोहोंच्या मध्ये एक दुभाष्या बसवला. प्रोग्रामचा हुकूम तो मधल्या मध्ये पकडी आणि वेबपानाला समजेल अशा भाषेत पुढे सांगे. तिच्या संगणकावर रंग आले. संकेतस्थळावर पाने चढवली की पुन्हा काळी. त्या संकेतस्थळाचा साचा कोणीतरी सुरक्षेच्या विचाराने असा बांधला होता की बाहेरून आलेली कोणतीही सजावट तो निमूटपणे पुसून टाकी. आमच्या संस्थेची घटनाही साधारण अशीच आहे. परंतु सुनेत्राला तो साचा बदलता येत होता. गुरुवारभर ती त्याच्याशी झगडली. शुक्रवारी सकाळी, समितीचे सदस्य खाली चहा घेत असताना, तिने मला हाक मारली.

एकोणीस ओव्या पडद्यावर लाल उभ्या होत्या.

“अजूनही परत काळ्या करता येतील,” मी म्हणालो. “दोन मिनिटांचे काम.”

“एका मिनिटाचं,” ती म्हणाली आणि लॅपटॉप उचलून सभागृहाकडे चालू लागली.

समितीत डॉ. गर्गे यांच्याखेरीज नागपूरच्या प्राध्यापक मालतीबाई हुद्दार होत्या आणि आणखी दोन सद्गृहस्थ होते, ज्यांची मते त्यांनाही ठाऊक नसत. सदस्य-सचिव म्हणून मी टोकाला बसलो होतो. सुनेत्राने पहिले पान ओलांडून सरळ नमुना भिंतीवर पाडला.

“हे लाल लाल कायचं आहे, गर्गे?” मालतीबाईंनी विचारले.

सुनेत्रा उत्तर देण्यासाठी उभी राहिली. पण डॉ. गर्गे तिच्याआधी उभे राहिले होते. ते भिंतीपाशी गेले. ओव्यांचा लाल प्रकाश त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडला.

“हिंगूळ,” ते म्हणाले. “मालतीबाई, आपण पोथ्या पाहिलेल्या आहेत. सगळी पोथी काळ्या शाईने लिहायची, आणि जिथे मान द्यायचा, देवतेचं नाव, गुरूचं नाव, अध्यायाची समाप्ती, तिथे लेखनिक हिंगुळाची लाल शाई काढायचा. ह्या मुलीनं संगणकात हिंगूळ आणला. आणि तो कुठे लावला? जिथे कवी स्वतःविषयी बोलतो, तिथे. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी आत्ताच पाहतो आहे.”

“वा,” एक सद्गृहस्थ म्हणाले. दुसऱ्यांनी मान डोलावली.

“अशा व्यक्तीला करारावर ठेवणं हा आपला कमीपणा आहे. कायम पदाचा ठराव मी स्वतः मांडतो. खांबेटे, घ्या लिहून.”

मी लेखणी उचलली. सुनेत्रा अजून उभीच होती. तिने फक्त खाली बसायचे होते. सात वर्षांची वाट तेवढ्या एका कृतीने संपणार होती, आणि पुस्तिकेत एक अक्षरही खोटे राहणार नव्हते. पहिल्या पानावर अर्थ लिहिलेला होता आणि ते पान ह्या खोलीत कोणी उघडणार नव्हते.

“सर, हा हिंगूळ नाही,” ती म्हणाली.

“काय?”

“लाल म्हणजे मान नाही. ह्या ओव्या नवांपैकी एकाच पोथीत आहेत. नंतर कोणीतरी घातल्या असाव्यात, असा लालचा अर्थ आहे.”

सद्गृहस्थांनी आपापल्या चहाच्या कपांकडे पाहिले. डॉ. गर्गे हसले. चिडलेल्या माणसाचे ते हसणे नव्हते. नातीने काही वेडेवाकडे बोलावे तसे ते प्रेमळपणे हसले.

“तुमच्या कॉम्प्युटरवाल्यांत असेल गं तसं. इथे पोथ्यांचं राज्य आहे. चुकीच्या अक्षराला लेखनिक काय करायचा, खांबेटे? सांगा हिला.”

“हरताळाचा लेप द्यायचा.”

“रंग?”

“पिवळा.”

“ऐकलंस? जे नको असेल त्यावर पिवळा हरताळ, जे हवं त्याला लाल हिंगूळ. शेकडो वर्षांची रीत आहे. संशय कोणी लाल रंगानं दाखवत नाही. तेव्हा तुझ्या हातून नकळत झालं असेल, पण झालं ते बरोबर झालं. बस आता.”

“रीत मला माहीत नव्हती, सर,” सुनेत्रा म्हणाली. “मग माझं चुकलंच. दुरुस्त करते.”

आणि ती बसली. लॅपटॉप तिने पुढे ओढला. कोडमध्ये जिथे लाल असे लिहिले होते तो एक शब्द तिने खोडला आणि त्याच्या जागी पिवळा लिहिला. मग पाने पुन्हा तयार करून संकेतस्थळावर चढवण्याची आज्ञा दिली. ह्या सर्व गोष्टी भिंतीवर दिसत होत्या, आणि काय चालले आहे हे माझ्याखेरीज कोणाला कळत नव्हते, असे मला वाटले. मालतीबाईंनी पर्समधून सुपारीची डबी काढली. डॉ. गर्गे उभेच होते.

पान नव्याने उघडले. एकोणीस ओव्या पिवळ्या होत्या, पांढऱ्या भिंतीवर डोळे ताणल्याखेरीज वाचता न येणाऱ्या.

त्या खोलीत रंगांचा अर्थ सांगणाऱ्या सूचीची गरज नव्हती. जमलेल्या प्रत्येकाने आयुष्यात कधी ना कधी जुन्या पोथीतले हरताळाचे पट्टे पाहिले होते आणि त्यांखाली काय झाकले आहे ह्याची पर्वा करायची नसते हे तो शिकलेला होता.

“असं,” मालतीबाई म्हणाल्या. त्यांनी डबी न उघडताच परत ठेवली. “आता कळलं. मघाशी इंग्रजीत बोलत होतं ते, आता आपल्यात बोललं. गर्गे, उरलेल्या आठ पोथ्यांचं काय म्हणणं आहे? कधी सांगितलं नाही तुम्ही.”

“पदाचा विषय पुढच्या बैठकीत,” डॉ. गर्गे म्हणाले. “खांबेटे, बैठक संपली असं लिहा.”

दुपारी त्यांनी आम्हां दोघांना खोलीत बोलावले. मी गेलो तो संतापाची सर्व वाक्ये मनात जुळवून. अज्ञानी माणसाच्या हाती संस्था गेली की काय होते ह्याविषयीचे एक छोटे भाषण माझ्याजवळ तयार होते. वर्षानुवर्षे मी त्याला पैलू पाडले होते.

“दार लाव,” ते सुनेत्राला म्हणाले. मग खिडकीकडे वळले. “पुस्तिका मी तीनदा वाचली आहे. पहिल्या पानावर तू लिहिलंयस, लाल म्हणजे संशयित. सोमवारीच वाचलं होतं. मला कॉम्प्युटर येत नाही, मराठी येतं.”

मी मनातले भाषण बाजूला ठेवले. सबंध संस्थेत ती पुस्तिका पहिल्या पानापासून वाचणारा तो एकमेव माणूस होता.

“मग मघाशी हिंगूळ...” सुनेत्रा म्हणाली.

“मघाशी मी तुला वाट काढून दिली. उभ्या उभ्या सुचलं ते. तुझं पान जसंच्या तसं राहिलं असतं. तुझ्या लोकांनी त्यात संशय वाचला असता, माझ्या लोकांनी मान. एका रंगात आपण दोघं सुखानं राहिलो असतो.” ते वळले. “अजूनही वेळ गेलेली नाही. मालतीबाईंचं मी बघतो. लाल कर आणि सोमवारी रुजू हो.”

“आणि आज सगळ्यांनी पिवळं पाहिलं, त्याचं काय सांगायचं?”

“प्रात्यक्षिकात गडबड झाली असं सांगू. कॉम्प्युटरविषयी ते कोणालाही पटतं.”

सुनेत्राने मान हलवली. होकाराची की नकाराची, ते मला कळले नाही.

“सुनेत्रा, नीट ऐक. पद मी तुला दिलेलं नव्हतं. त्या लाल रंगाला दिलं होतं.”

“मग नेमणुकीचं पत्र त्याच्याच नावानं काढा, सर,” ती म्हणाली. “माझ्या नावावर पिवळा आहे.”

ती बाहेर गेली. दार तिने हळूच ओढून घेतले. डॉ. गर्गे मला म्हणाले, “हुशार मुलगी. फुकट गेली.” मी त्यांना उत्तर दिले की आपण म्हणता तसे, आणि माझ्या टेबलाशी परतलो.

महिनाअखेरीस तिचा करार संपला. पुण्याच्या एका कंपनीने तिला तिसऱ्यांदा बोलावले, आणि ती गेली. आता ती कारखान्यांतील यंत्रांवर देखरेख करणारे प्रोग्राम लिहिते. तिथे लाल रंगाला मान समजणारा माणूस दुसऱ्या दिवशी कामावर नसतो. तिने जाताना पहिल्या पानावरच्या ओळीतही लालच्या जागी पिवळा लिहिला. सर्व चाव्या आणि सर्व पासवर्ड संस्थेच्या स्वाधीन केले. त्यांचे काय करायचे हे मात्र संस्थेत कोणालाही ठाऊक नव्हते. ते पद तिच्याअभावी रद्द झाले होते, त्यामुळे ते कधी कोणाला ठाऊक होण्याचा संभवही उरला नाही. एक शब्द बदलायचा होता. तो बदलू शकणारे माणूस संस्थेने घालवले होते. ओव्या संकेतस्थळावर पिवळ्याच राहिल्या.

दोन वर्षांनी डॉ. गर्गे यांनी त्यावर उपाय काढला. पडद्यावरचे खरे नसते, छापले तेच टिकते, असे त्यांचे मत होते. त्यांनी संकेतस्थळावरची पुस्तिका कागदावर छापून घेण्याचा आदेश काढला. कार्यालयातले छपाईयंत्र काळ्या शाईचे होते. काळ्या शाईत कसले लाल आणि कसले पिवळे. सर्व अक्षरे पुन्हा एका रंगाची होणार होती. पहिल्या पानावरची रंगांविषयीची ओळ त्यांनी स्वतः वगळायला सांगितली. प्रती बांधल्या गेल्या, न तपासता विद्यापीठांच्या ग्रंथालयांना रवाना झाल्या, आणि पहिली प्रत आंबेरुळला, कमानीजवळच्या मंडपात, समारंभपूर्वक प्रकाशित करायचे ठरले.

काळ्या शाईचे यंत्र पिवळा रंग काळ्यात बदलत नाही, हे मला त्या दिवशी समजले. ते त्याला इतक्या फिकट करड्यात बदलते की कागद कोराच दिसतो. मंडपात मी डॉ. गर्गे यांच्या उजव्या हाताला बसलो होतो. माझ्या मांडीवरची प्रत मी उघडली. नमुन्यातली एक ओवी संपत होती, मग अर्धे पान रिकामे होते, आणि मग पुढची ओवी सुरू होत होती. मी त्या दोन ओव्या लागोपाठ वाचून पाहिल्या. अर्थ कोठेही तुटत नव्हता.

गावाने आग्रह केला की ज्या ओव्यांत आपले नाव आहे त्या सरांनी स्वतः वाचून दाखवाव्यात. डॉ. गर्गे उठले, चष्मा लावला आणि ते पान काढले. मंडपात दोनतीनशे माणसे बसली होती. त्या कोऱ्या जागेवर नजर ठेवून, ओळीगणिक बोट खाली सरकवत, त्यांनी एकोणीसही ओव्या म्हटल्या. तीनशे वर्षांपूर्वीची ती भाषा, तीतली ती अवघड रूपे, आणि ते एकदाही अडखळले नाहीत. एके ठिकाणी मात्र थांबले, मनाशी काही जुळवले, आणि तो चरण पोथीत आहे त्याहून बऱ्या शब्दांत म्हणून पुढे गेले.